डॉक्टरांचा पक्ष आणि रोग्याचा पक्ष

(गिरड, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा येथें केलेलें भाषण)



आपल्यांपैकीं पुष्कळांना वाटलें असेल कीं, आज कापसाच्या भावाबद्दल नाहींतर पीकविम्याबद्दल बोलणें होईल. तीं दुखणीं आहेतच. पण शेतकऱ्याचें घर ज्या दोन-तीन वाटांनीं धुवून निघतें, त्यांत दवाखाना ही एक मोठी वाट आहे. लग्नाचा खर्च आपण ठरवून करतों. दवाखान्याचा खर्च आपल्याला न विचारतां येतो. ज्याच्या हातीं आपण जीव आणि बैलजोडीची किंमत एकदमच देतों, तो डॉक्टर कोणत्या विचाराचा असतो, कां असतो, आणि त्या विचाराचा आपल्या औषधपाण्याशीं कांहीं संबंध आहे कीं नाहीं, एवढा विचार आज करावयाचा आहे.

कोणी म्हणेल, डॉक्टरला कसलें आलें राजकारण? त्यानें नाडी पाहावी, गोळी द्यावी, आपण फी द्यावी, संपलें! आम्ही म्हणतों, डॉक्टर हाही मनुष्यच आहे. तो मत देतो, वर्गणी देतो, संघटना करतो, संप करतो आणि निवडणुकीसही उभा राहतो. वकिलाचें राजकारण आपण ओळखतों, मास्तराचें ओळखतों, सावकाराचें तर बापजाद्यांपासून ओळखतों. मग डॉक्टराचेंच तेवढें कां ओळखूं नये?

अमेरिकेंत हा हिशेब मांडून झालेला आहे. तेथें पुष्कळ राज्यांत मतदार आपलें नांव नोंदवितांना पक्षही नोंदवितो, आणि ती यादी पाहावयास मिळते. येल विद्यापीठाचे ऐतान हर्श यांनीं २०१६ सालीं २९ राज्यांतील ५५ हजारांहून अधिक डॉक्टरांचीं नांवें अशा यादीशीं ताडून पाहिलीं. तेथें मुख्य पक्ष दोन. रिपब्लिकन म्हणतात, कर कमी असावा आणि सरकारनें धंद्यांत हात घालूं नये. डेमोक्रॅट म्हणतात, लोकांच्या आरोग्याचा भार सरकारनें उचलावा. या दोन पक्षांत नांव घातलेल्या डॉक्टरांची वांटणी कशी निघाली, तें ऐका. चिरफाड करणारे सर्जन १०० असले तर त्यांत ६७ रिपब्लिकन. भूल देणारे ६५, मूत्रविकारांचे ६२, तेही त्याच बाजूचे. उलट, साथीच्या व संसर्गाच्या रोगांचे डॉक्टर १०० असले तर ७७ डेमोक्रॅट, मनोविकारांचे ७६, लहान मुलांचे ६८.

त्यापूर्वीं २०१४ सालीं ॲडम बोनिका व त्यांच्या सहकाऱ्यांनीं डॉक्टरांनीं पक्षांना दिलेल्या वर्गण्या तपासल्या होत्या. २०११-१२ च्या हंगामांत रिपब्लिकनांना देणारे सर्जनांत शेंकडा ७०, तर बालरोगाच्या डॉक्टरांत शेंकडा २२ निघाले. पुरुष डॉक्टरांत शेंकडा ५२, स्त्री डॉक्टरांत शेंकडा २४. नफ्यासाठीं चाललेल्या संस्थांत काम करणारांत शेंकडा ५३, आणि नफा न घेणाऱ्या संस्थांत शेंकडा २६.

एकाच विद्यालयांत शिकलेले, एकाच पुस्तकांवर परीक्षा दिलेले हे लोक, आणि त्यांच्यांत एवढा फरक! याचें कारण रक्तांत शोधूं नका. भाकरींत आणि रोजच्या कामांत शोधा. सर्जनाला दर शस्त्रक्रियेमागें पैसे मिळतात, मिळकत मोठी, तेव्हां कराची पावती त्याला अधिक टोंचते. शिवाय त्याच्यापुढें मेजावर एकटा मनुष्य निजलेला असतो. त्याचें बरें होणें सर्जनाच्या हाताच्या कसबावर. अशा मनुष्याला वाटूं लागतें कीं, जगांत सारें ज्याच्या त्याच्या हिंमतीवर चालतें. बालरोगाच्या डॉक्टराकडे मूल एकटें येत नाहीं. त्याच्यामागें त्याची रोडकी आई येते, घरांतली उपासमार येते, न मिळालेली लस येते. मनोविकारांच्या डॉक्टराकडे बेकारी येते, दारू येते. साथीच्या डॉक्टराला तर ठाऊकच असतें कीं, गटार तुंबलें कीं रोग भिंत पाहून थांबत नाहीं. या लोकांना सरकारची गरज रोज दिसते, म्हणून ते सरकारला हांक मारतात.

परंतु शेवटचा जो आंकडा सांगितला, तो आमच्या मतें सर्वांत बोलका आहे. नफ्याच्या घरांत काम करणारा एका बाजूला झुकतो, बिननफ्याच्या घरांत काम करणारा दुसऱ्या. चाकू हातांत असण्यापेक्षां गल्ला कोणाच्या हातीं आहे, तें पाहिल्यास पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. आणि एक विसरूं नका. आंकडा जथ्याची गोष्ट सांगतो, एकट्या माणसाची नाहीं. शंभरांत सदुसष्ट सर्जन एकीकडे म्हणजे तेहेतीस दुसरीकडेही आहेतच.

आतां आपल्या मुलखाकडे येऊं. आपल्याकडे मतदाराच्या यादींत पक्ष लिहिलेला नसतो आणि मत गुप्त असतें. हें फार चांगलें आहे. त्यामुळें आपल्याला यादीऐवजीं इतिहास वाचावा लागतो.

पहिलें नांव डॉ. विश्राम रामजी घोले यांचें. पुण्यास ते असिस्टंट सर्जन होते, म्हणजे हातांत चाकूच. जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला, त्यांत घोले उभे राहिले आणि समाजाच्या अध्यक्षपदाचा भारही त्यांनीं उचलला. १८८८ सालीं जोतीरावांना पक्षाघात झाला, तेव्हां औषधोपचार याच घोल्यांनीं केले. आपल्या मुलीच्या आठवणीसाठीं त्यांनीं पुण्यांत बाहुलीचा हौद बांधला व त्याचें पाणी सर्व जातींना मोकळें ठेवलें. सरकारी नोकर, सर्जन, प्रतिष्ठित. तरी पाण्याच्या प्रश्नावर तो मनुष्य कोणाच्या बाजूला उभा राहिला, तें पाहा.

फुल्यांच्या घरचाच दुसरा दाखला. सावित्रीबाईंचे पुत्र यशवंतराव डॉक्टर झाले होते. १८९७ सालीं पुण्यांत प्लेग आला, तेव्हां त्यांनीं हडपसरजवळ माळावर दवाखाना मांडला. मुंढव्याच्या एका अस्पृश्य मुलाला सावित्रीबाईंनीं पाठीवर घालून तेथें आणलें, आणि त्याच रोगानें १० मार्च १८९७ रोजीं त्यांचा अंत झाला. यशवंतरावांना पुढें १९०५ सालीं प्लेगानेंच नेलें. कोणत्या पक्षाचे होते हे मायलेक? रोग्याच्या पक्षाचे.

आतां नागपूर पाहा. तें आपल्याला जवळ. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे डोळ्यांचे शस्त्रवैद्य. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकले, बोअर युद्धांत काम करून आले, आणि पुढें हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले. डॉ. केशव बळीराम हेडगेवार कलकत्त्यास वैद्यक शिकले, दवाखाना थाटला नाहीं, आणि १९२५ सालीं राष्ट्रीय स्वयंसेवक संघ काढला. डॉ. नारायण भास्कर खरे काँग्रेसचे. १९३७ सालीं मध्यप्रांत-वऱ्हाडचे मुख्य प्रधान झाले, १९३८ सालीं त्यांचा व काँग्रेसच्या वरिष्ठांचा खटका उडाला, त्याचा निवाडा वर्ध्यासच झाला, आणि पुढें तेच खरे हिंदुमहासभेंत गेले. त्याच नागपुराचे डॉ. चोळकर १९३८ सालीं सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणिसांबरोबर चीनमध्यें गेले. कोटणीस सर्जन होते. रणांगणावर शस्त्रक्रिया करतां करतां कम्युनिस्ट झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं तेथेंच वारले. म्हणजे एका चाकूनें एकाला हिंदुमहासभेंत नेलें आणि दुसऱ्याला कम्युनिस्टांत! चाकूचा दोष नाहीं.

हल्लींचे दाखले घ्या. धुळ्याचे सुभाष भामरे कर्करोगाचे सर्जन. ते भारतीय जनता पक्षाचे खासदार व केंद्रांत राज्यमंत्री होते. २०२४ सालीं त्यांना हरविणाऱ्या काँग्रेसच्या शोभा बच्छाव याही डॉक्टरच. भागवत कराड लहान मुलांचे सर्जन, तेही भाजपचे. अमेरिकेच्या कोष्टकांत त्यांना बसवूं जाल तर ‘लहान मुलें’ या रकान्यांत घालावें कीं ‘सर्जन’ या रकान्यांत, असा घोळ पडेल. श्रीकांत शिंदे हाडांचे डॉक्टर, शिवसेनेचे. लातूरचे शिवाजी काळगे डोळ्यांचे डॉक्टर. २०२४ सालीं काँग्रेसतर्फे निवडून आले. मुंजेही डोळ्यांचे आणि काळगेही डोळ्यांचे. दोघांच्या राजकारणांत जमीन-अस्मानाचें अंतर! आणि खुर्चीपासून लांब राहिलेलेही आहेत. डॉ. बाबा आढावांनीं आयुर्वेदाचा दवाखाना सोडून हमालांची पंचायत बांधली आणि ‘एक गांव एक पाणवठा’ ही चळवळ चालविली. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर अंधश्रद्धेविरुद्ध लढतां लढतां २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत मारले गेले.

यावरून आम्ही असें म्हणतों कीं, आपल्याकडे डॉक्टराची शाखा पाहून त्याचा पक्ष सांगतां येत नाहीं. तो कोणत्या घरांत जन्मला, कोणत्या गल्लींत वाढला, त्या वेळीं देशांत वारें कोणतें होतें, यावर त्याचें राजकारण अधिक ठरतें. अमेरिकेंत शाखा आणि पैसा बोलतो. आपल्याकडे पैसा बोलतो आणि त्याच्या आधीं जात बोलते.

आतां मुद्द्याची गोष्ट. डॉक्टराचें मत त्याच्या औषधांत उतरतें काय? याही गोष्टीचा शोध त्याच हर्श यांनीं मॅथ्यू गोल्डनबर्ग या मनोविकारतज्ज्ञाबरोबर २०१६ सालीं घेतला. डॉक्टरांपुढें कल्पित रोगी ठेवले आणि विचारलें, तुम्ही काय सल्ला द्याल? दारू, तंबाखू, लठ्ठपणा यांबाबत दोन्ही पक्षांचे डॉक्टर जवळपास सारखेंच बोलले. पण गांजा, गर्भपात, घरांतली बंदूक असे विषय आले कीं वाटा फुटल्या. रिपब्लिकनांना गांजा व गर्भपात अधिक गंभीर वाटला. डेमोक्रॅटांना लहान मुलांच्या घरांतली बंदूक. म्हणजे हाड मोडलें तर पक्ष आड येत नाहीं. पण ज्या गोष्टीवर चावडीवर भांडण होतें, ती गोष्ट दवाखान्यांत आली कीं मत हळूंच खुर्चीवर येऊन बसतें.

आमच्या डोळ्यांदेखतची हकीकत सांगतों. आमच्या ओळखीच्या एका शेतमजुराच्या पायावर कुऱ्हाड निसटली. त्याला आम्हीं एका शहरांतील खासगी दवाखान्यांत नेलें. टांके चांगले घातले. त्यांत आम्ही खोट काढीत नाहीं. पण टांके घालतां घालतां डॉक्टरसाहेबांनीं त्याचें आडनांव विचारलें, रेशनकार्डाचा रंग विचारला, आणि मग सवलतींवर व्याख्यान सुरू केलें. तुम्हां लोकांना सारें फुकट पाहिजे, तुमच्या पोरांना कमी गुणांवर जागा पाहिजेत, आमचीं पोरें कोठें जावींत, वगैरे. मजूर खालीं मान घालून ऐकत होता. पाय डॉक्टरांच्या हातांत असलेला मनुष्य काय उत्तर देणार? आम्ही तेथें होतों, आणि आम्हीही गप्प बसलों. ती लाज आजही जात नाहीं. दोन दिवसांनीं पट्टी बदलावयास बोलावलें होतें. तो गेला नाहीं. घरीं हळद लावीत बसला. जखम पिकली, आणि अखेर सरकारी रुग्णालयांत त्याचीं दोन बोटें काढावीं लागलीं. तेथें ज्या तरुण डॉक्टरनें महिनाभर त्याची जखम धुतली, त्याचा पक्ष कोणता, हें आम्हांला आजपर्यंत ठाऊक नाहीं. तें जाणण्याची गरजच पडली नाहीं.

बंधूंनो, पहिल्या डॉक्टरचें मत वाईट होतें म्हणून बोटें गेलीं, असें आम्ही म्हणत नाहीं. मत त्याला असूं द्या. तें पेटींत टाकावें, सभेंत बोलावें. तें टांक्यांच्या दोऱ्यांत ओंवलें, म्हणून रोगी परत गेला नाहीं. अपमान हाही एक रोग आहे, आणि त्याचा परिणाम जखमेवर दिसतो.

आतां त्या व्याख्यानाचें उत्तर, जें आम्हीं त्या दिवशीं दिलें नाहीं, तें आज देतों. २००६ सालीं केंद्राच्या संस्थांत इतर मागासवर्गास शेंकडा २७ जागा देण्याचें ठरलें, तेव्हां दिल्लींत डॉक्टरांनीं संप केला. रोगी बाहेर ताटकळत होते आणि आंत गुणवत्तेचा जयघोष चालला होता. पुढें अमरावती जिल्ह्यांतून वर आलेले प्राध्यापक सुखदेव थोरात यांच्या समितीनें दिल्लीच्या त्या नामांकित संस्थेंत मागास विद्यार्थ्यांना कशी वागणूक मिळते, याचा अहवाल २००७ सालीं दिला. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो २७ टक्क्यांचा कायदा उचलून धरला. वैद्यकीच्या अखिल भारतीय कोट्यांत इतर मागासांना त्या जागा मिळण्यास मात्र २०२१ साल उजाडावें लागलें. आणि सर्वांत वरच्या पायरीवर, हृदय, मेंदू, मूत्रपिंड यांच्या विशेष शिक्षणांत, आजही सामान्यतः आरक्षण नाहीं. जेथें पैसा व अधिकार सर्वांत अधिक, तेथें शिडीच काढून घेतलेली. दुसरीकडे खासगी विद्यालयांत परदेशस्थांच्या नांवानें ठेवलेल्या जागा लक्षावधि रुपये मोजून भरल्या जातात. त्यांच्या विरुद्ध गुणवत्तेच्या नांवानें संप झालेला आम्हीं ऐकला नाहीं. पैशानें आलेला कमी गुण पोटांत जातो, जातीनें आलेला मात्र घशांत अडकतो!

परंतु दुसऱ्याच्या डोळ्यांतलें कुसळ दाखवितांना आपल्या डोळ्यांतलें मुसळ झांकून चालणार नाहीं. आपल्या जातीचा डॉक्टर म्हणजे आपला, असा भोळा समज करून घेऊं नका. गर्भाचें लिंग पाहण्यास बंदी घालणारा कायदा देशांत प्रथम महाराष्ट्रानें १९८८ सालीं केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरी सहा वर्षांखालील हजार मुलांमागें मुली २००१ सालीं ९१३ होत्या, त्या २०११ सालीं ८९४ झाल्या. त्या मुली काय एकट्या भटाच्या डॉक्टरांनीं कमी केल्या? बहुजनसमाजांतून वर आलेल्या, आपल्याच पाटलांच्या व देशमुखांच्या घरांतील कित्येक डॉक्टरांनीं तें यंत्र फिरविलें, आणि आपल्याच घरांनीं त्यांना पैसे मोजले. येथें सर्व पक्षांचे आणि सर्व जातींचे लोक एका पंगतीला बसले होते. म्हणून जात पाहून डॉक्टर शोधूं नका आणि पक्ष पाहूनही शोधूं नका. तो खरें सांगतो काय, पावती देतो काय, गरिबाशीं माणुसकीनें बोलतो काय, तें पाहा.

आणि डॉक्टरांचें खरें राजकारण निवडणुकींत दिसत नाहीं, तें कायद्याच्या वेळीं दिसतें. दवाखान्यांवर सरकारची देखरेख यावी, दर उघडे असावे, असा प्रश्न निघाला कीं निरनिराळ्या पक्षांचे, निरनिराळ्या शाखांचे डॉक्टर एक होतात. केंद्रानें २०१० सालीं दवाखान्यांच्या नोंदणीचा कायदा केला. महाराष्ट्रानें तो घेतला नाहीं. राज्याच्या १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखालीं २०२१ सालीं नवे नियम झाले. त्यांप्रमाणें नोंदलेल्या रुग्णालयानें रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लोकांना दिसेल असें लावावयाचें आहे. आपल्यांपैकीं किती जणांनीं तें दरपत्रक पाहण्यास मागितलें? हात वर करा. पाहा, एकही हात वर नाहीं! डॉक्टरांची संघटना आहे, औषधवाल्यांची आहे; रोग्यांची मात्र तेवढ्या बळाची नाहीं. मग कायदा कोणाच्या बाजूला झुकेल?

याच जिल्ह्यांत उलट दाखलाही आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयानें आसपासच्या गांवांत ज्वारीच्या रूपानें वर्गणी घेऊन आजारपणाचा विमा चालविला. ज्याची शेती जास्त त्यानें जास्त ज्वारी द्यावी, आणि औषधोपचार सर्वांना गरजेप्रमाणें. त्या कामांतही डॉक्टरच होते. म्हणजे बिननफ्याच्या घराचा जो आंकडा अमेरिकेचा सांगितला, त्याचा अर्थ आपल्या जिल्ह्यांत ज्वारीच्या पायलींत मोजतां येतो.

शेवटीं करावयाचें काय, तें सांगून पुरें करतों.

एक, ग्रामीण रुग्णालयांत सर्जन, फिजिशियन, बायकांचा व मुलांचा असे चार तज्ज्ञ असावेत असा सरकारचाच दंडक आहे. २०२१-२२ च्या केंद्राच्या अहवालांत देशभर अशा तज्ज्ञांचा तुटवडा शेंकडा ७९ हून अधिक दाखविला आहे. पांच खुर्च्यांत चार रिकाम्या! मत मागावयास येणाऱ्याला, तो डॉक्टर असला तर अगत्यानें, हा प्रश्न विचारा.

दुसरें, जोतीरावांच्या नांवानें जी जनआरोग्य योजना आहे, तींत आतां कुटुंबामागें वर्षाला ५ लाखांपर्यंतचा उपचार बसतो. कोणतें रुग्णालय त्या यादींत आहे, तें गांवच्या आशाताईकडून आधींच लिहून ठेवा. कपाळावर घाम आल्यावर यादी सांपडत नाहीं.

तिसरें, आपलीं मुलेंमुली डॉक्टर करा, पण तेवढ्यावर थांबूं नका. त्यांना वरच्या पायरीपर्यंत चढवा, आणि चढतांना घोल्यांचा हौद विसरूं नका म्हणून बजावा.

चवथें, दवाखान्यांत कोणी रोग्याचा अपमान केला तर आम्ही बसलों तसे गप्प बसूं नका. भांडूं नका, हात उगारूं नका. डॉक्टरावर हात टाकणारा रोग्यांचाच वैरी आहे. शांतपणें म्हणा, “साहेब, हें सभेंत बोलूं, आतां जखम पाहा.”

आपल्या गांवच्या टेकडीवर शेख फरीदबाबांची दरगाह आहे. त्या टेकडीवर वाटोळे दगड सांपडतात. बाबांची टवाळी करणाऱ्या व्यापाऱ्यांचे नारळ दगड झाले, अशी त्यांची कथा आपण सांगतों. भूगर्भाचे जाणकार म्हणतात, ते झिओलाइट नांवाच्या खनिजाचे गोटे होत. वरून नारळ दिसला तरी हातांत घेऊन पाहावें, हें तर दोघेही कबूल करतील. डॉक्टराचेंही तसेंच. वरचा पक्ष पाहूं नका, वरची जात पाहूं नका; वजन हातांत घेऊन पाहा. त्या टेकडीवर हिंदू, मुसलमान, महार, मांग, कुणबी, तेली सारे नवस घेऊन चढतात, आणि वर गेल्यावर कोणाचें आडनांव विचारलें जात नाहीं. दवाखान्याच्या दारांतही तें विचारलें जाऊं नये, एवढेंच आमचें मागणें आहे. तें भीक म्हणून मागूं नका, हक्क म्हणून मागा.